बार्शी लाईट रेल्वे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्शी लाईटचे छोटे रूळ उखडले त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी तिच्याबद्दलची विचारणा काही थांबत नाही. कुणाला आजीनं सांगितलेल्या गोष्टीची खातरजमा करायची असते, कुणाला आडतीच्या जुन्या वहीतलं एखादं स्टेशन लागत नाही, कुणी नुसतं एवढंच विचारतं की ती गाडी होती तरी कुठे. तेच तेच प्रश्न परत येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. बहुतेकांच्या मनात ही गाडी वारकऱ्यांची, टपावर बसलेल्या माणसांची, रमतगमत जाणारी आहे. ते खरंच आहे, पण अर्धंच. ही लाइन जन्माला आली ती मालासाठी. तिचा रूळ, तिचं इंजिन, तिच्या वाघिणींचा, म्हणजे मालडब्यांचा सांगाडा, सगळं पोत्यांचा आणि गाठींचा हिशेब करून ठरलं होतं. ते लक्षात घेतलं की पुढचं बरंच आपोआप उलगडतं.

बार्शी लाईट म्हणजे नक्की कोणती रेल्वे? ती कुठून कुठे जायची?

मिरज ते लातूर. मधली मोठी गावं म्हणजे कवठे महांकाळ, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

ही सगळी लाइन एका दमात झालेली नाही. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी एवढा साधारण ३५ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. १९०६ मध्ये दुसऱ्या बाजूला पंढरपूरपर्यंत गाडी गेली. त्याच सुमारास बार्शीच्या पुढे तडवळ्यापर्यंत रूळ पडले आणि १९११ मध्ये ते लातूरला पोचले. पंढरपूर ते मिरज हा शेवटचा आणि सर्वांत लांब तुकडा १९२७ चा. म्हणजे पहिल्या रुळापासून शेवटच्या रुळापर्यंत तब्बल तीस वर्षं.

नावातला 'लाईट' म्हणजे दिवा का? ही विजेवर चालायची का?

नाही. हा 'लाईट' हलकेपणाचा आहे. हलके रूळ, हलके पूल, कमी खर्चाचे भराव, साधी स्टेशनं अशा रेल्वेला इंग्रजांकडे 'लाईट रेल्वे' म्हणत. तेच शब्द कंपनीच्या नावात आले आणि लोकांनी त्यातला 'रेल्वे' गाळून टाकला. आपल्याकडे गाडीला 'बार्शी लाईट'च म्हणतात, 'लाईटनं गेलो', 'लाईट चुकली' असं. गाडी विजेवर कधीच धावली नाही. आधी कोळशाची इंजिनं, शेवटच्या काळात डिझेलची.

एवढी गावं सोडून बार्शीलाच का काढली?

कारण बार्शी ही मोठी बाजारपेठ होती आणि रेल्वेनं तिला बाजूला टाकलं होतं.

मुंबईहून पुण्यामार्गे सोलापूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा, म्हणजे जीआयपीचा रस्ता १८५९-६० मध्ये या भागात आला. तो बार्शीला गेलाच नाही. बार्शीला जायचं तर जिथे उतरायचं त्या स्टेशनाला जीआयपीनं नाव दिलं 'बार्शी रोड'. हेच पुढचं कुर्डुवाडी. तिथून बार्शी वीस मैलांहून जास्त दूर.

बालाघाटच्या डोंगरावरून उतरणारा कापूस, जवस, करडई, ज्वारी, तूर, सगळं बार्शीच्या पेठेत जमायचं आणि तिथून बैलगाड्यांनी बार्शी रोडला जायचं. काळी माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात रस्ता बरा, पण पाऊस पडला की चाक आऱ्यांपर्यंत रुततं, आणि गाडी रिकामी करून खांद्यावर पोती वाहून पुढे न्यावी लागतात. जवळजवळ चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. व्यापारी, आडते, गाडीवान सगळ्यांना वाटत होतं की हा वीस-बावीस मैलांचा तुकडा जोडला जावा. पण एवढ्याशा अंतरासाठी मोठ्या रुळाची शाखा काढणं कुणाला परवडणारं नव्हतं.

लाइन सुरू झाली तो काळही लक्षात ठेवा. १८९६-९७ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याला फार जबर बसला होता. अशा वर्षी धान्य बाहेर जात नाही, आत यावं लागतं.

ही सरकारनं बांधली की कंपनीनं?

कंपनीनं. आणि कंपनीमागे एक माणूस होता, एव्हरार्ड कॅलथ्रॉप.

कॅलथ्रॉपचा जन्म १८५७ चा, इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा. इंजिनांचं काम तो तिकडेच शिकला आणि १८८२ मध्ये जीआयपीमध्ये लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून इकडे आला. नोकरी करता करता त्याच्या डोक्यात पोषक लाइनींची कल्पना शिरली. मोठ्या रेल्वेला माल आणून देणाऱ्या छोट्या, स्वस्त लाइनी. १८८७ मध्ये त्यानं लंडनमध्ये त्यासाठी एक कंपनीही नोंदवली. पण सरकारशी बोलणी, परवानग्या, पैसा हे सगळं जुळून बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहीपर्यंत १८९५ साल उजाडलं. पुढच्या दोन वर्षांत गाडी धावली.

दहा-बारा वर्षं एका वीस मैलांच्या लाइनीसाठी चिकाटी धरणं सोपं नसतं. कॅलथ्रॉप परक्या कंपनीचा माणूस होता, नफ्यासाठीच हे करत होता, हे मान्य. तरीही त्याच्या कामातला विचार मला मनापासून आवडतो, आणि तो पुढच्या उत्तरात आहे.

इतक्या अरुंद रुळावर जड माल कसा जायचा? गाडी उलटायची नाही का?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

रुळांमधलं अंतर किती, यावर माल किती जाणार हे ठरतं असं आपल्याला वाटतं. कॅलथ्रॉपचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मते खरा प्रश्न एकेका आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर किती वजन येतं हा आहे. रूळ मोडतो, पूल खचतो तो गाडीच्या एकूण वजनानं नाही, एका जागी पडणाऱ्या वजनानं. मग सगळ्या गाडीत, इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त वजन येऊच द्यायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. एकदा ही मर्यादा बांधली की रूळ हलका चालतो. बार्शीचे मूळ रूळ यार्डाला ३० पौंडांचे होते, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो. आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. चौपट फरक!

आता त्या मर्यादेत माल कसा बसवायचा? त्या काळी मालाच्या वाघिणी बहुतेक चारचाकी, म्हणजे दोन आसांच्या असत. दोन आस म्हणजे १० टन, त्यातून वाघिणीचं स्वतःचं वजन गेलं की हाती फार काही राहत नाही. कॅलथ्रॉपनं वाघिणी बोगीवर, म्हणजे दोन-दोन आसांच्या फिरत्या गाड्यांवर ठेवल्या. पुढे दोन आस, मागे दोन आस. चार आसांवर मिळून २० टन. शिवाय वाघिणीचा सांगाडा लीड्सच्या लीड्स फोर्ज कारखान्यात दाबून घडवलेल्या पोलादाचा केला, त्यामुळे तिचं आपलं वजन घटलं आणि तेवढा माल वाढला. लांबीही सगळ्यांची सारखी, २५ फूट. एकाच मापाचा सांगाडा, त्यावर बंद डबा बसवा, उघडी वाघीण करा किंवा प्रवाशांसाठी बाकं टाका.

इंजिनाचंही तेच गणित. लीड्सच्याच किटसन कंपनीनं बनवलेल्या पहिल्या इंजिनांना ओढणारी आठ चाकं होती आणि मागे आणखी चार नुसती भार पेलणारी. म्हणजे सहा आस. प्रत्येकी ५ टन धरले तरी इंजिन ३० टनांच्या आतच.

हे सगळं जहाजात चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून त्यावर गाडी चालवून दाखवली होती. लांबून लांबून इंजिनिअर बघायला आले होते.

शेंद्रीच्या बाजूला एका शेतात गोठ्यावर आडवा टाकलेला त्या जुन्या रुळाचा एक तुकडा मी पाहिला आहे. वीत लावून मोजला, वीतभर उंचीसुद्धा भरत नाही. त्यावरून लातूरची तूर मुंबईकडे निघायची, हे तो हातात धरल्याशिवाय खरं वाटत नाही.

उलटण्याचं म्हणाल तर अरुंद रुळावर डबा दोन्ही बाजूंनी बराच बाहेर येतो हे खरं. पण वेग बेताचा आणि भार नीट वाटलेला असला की तोल सांभाळला जातो.

भारतातली पहिली नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळाची रेल्वे हीच ना?

नाही. बडोदा संस्थानात डभोईकडची छोटी लाइन १८६२ ची, सुरुवातीला बैलांनी ओढलेली. दार्जिलिंगची गाडीही १८८१ ची. बार्शीचं महत्त्व पहिलेपणात नाही. छोट्या रुळावर नुसती डोंगरावरची हवा खायला जाणारी माणसं नाही, तर भरपूर माल फायद्यात नेता येतो, हे तिनं दाखवलं. तिच्यानंतर २ फूट ६ इंचाच्या लाइनींकडे बघण्याची नजरच बदलली.

माल कोणता असायचा? आणि कुर्डुवाडीला मालाची अदलाबदल व्हायची म्हणजे काय?

जाताना कापूस, सरकी, जवस, करडई, शेंगा, ज्वारी, तूर आणि डाळी. येताना कापड, मीठ, रॉकेल, लोखंड, किराणा. प्रमाण हंगामाप्रमाणे बदलायचं.

अदलाबदल ही या लाइनीची जन्मजात अडचण. कुर्डुवाडीला एका बाजूला जीआयपीचा १६७६ मिलिमीटरचा मोठा रूळ, दुसऱ्या बाजूला आपला ७६२ चा. लहान वाघीण मोठ्या रुळावर चढू शकत नाही. म्हणून बार्शीहून आलेला प्रत्येक नग इथे उतरवायचा आणि मोठ्या वाघिणीत भरायचा. दोन्ही गाड्या मालधक्क्याला लागायच्या आणि मधली ये-जा हमालांच्या पाठीवर. १० टन माल म्हणजे शंभर किलोची १०० पोती. एकेक पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून पलीकडे जायचं, थप्पी लावायची. हमालाच्या हातातला आकडा लागून पोतं फाटलं की दाणे सांडायचे. ते झाडून गोळा करणारी माणसंही तिथेच असायची, आणि त्या दाण्यांवर त्यांची चूल पेटायची.

कापसाच्या गाठींचं तसं नव्हतं. जिनिंग-प्रेसमध्ये दाबून पट्ट्या मारलेली गाठ सांडत नाही, पण अंगावर आली तर माणूस राहत नाही. कुर्डुवाडी गाव मोठं झालं त्यात या अदलाबदलीच्या कामाचा वाटा फार मोठा आहे. लाइन कॅलथ्रॉपची म्हणून सांगितली जाते, पण रोज सकाळी तिचा माल पलीकडे पोचवणारे हात कुणाचे होते हेही सांगितलं गेलं पाहिजे.

कॅलथ्रॉपला ही अडचण ठाऊक होती. पुढे इंग्लंडमधल्या लीक आणि मॅनिफोल्ड लाइनीवर त्यानं मोठ्या रुळाची अख्खी वाघीणच छोट्या रुळावरच्या गाड्यावर चढवून न्यायची सोय केली. ती लाइन १९०४ मध्ये सुरू झाली आणि तिचा रूळही बार्शीच्याच मापाचा होता.

लातूरची बाजारपेठ रेल्वेमुळे वाढली असं म्हणतात. ते कितपत खरं?

बरंच खरं. १९११ मध्ये रूळ आले आणि लातूर हे लाइनीचं टोक झालं. टोकाच्या गावाला एक फायदा असतो. त्याच्या पलीकडे रूळ नसतात, त्यामुळे पलीकडच्या सगळ्या गावांचा माल बैलगाड्यांनी तिथेच येऊन थांबतो. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर या बाजूचा शेतमाल लातूरला यायला लागला, आडत वाढली, डाळीच्या आणि तेलाच्या गिरण्या आल्या. गंजगोलाईत चहूकडून सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि त्या पेठेची मांडणी रेल्वे आल्यानंतरची आहे.

पण सगळं श्रेय रुळांना देऊ नका. निजामाच्या मुलखात पेठ वसवायला मिळालेला दरबारी पाठिंबा आणि व्यापाऱ्यांची धडाडीही त्यात आहे. बार्शीचं उदाहरण त्याचंच. तिथे रेल्वे चौदा वर्षं आधी आली, 'बार्शी तिथे सरशी' ही म्हण आजही चालते, पण लाइन पुढे सरकली तसा पलीकडचा माल बार्शीत न थांबता थेट पुढे जायला लागला. रेल्वे देते तशी नेतेही.

लातूर तर निजामाच्या राज्यात. मग ब्रिटिश कंपनीची गाडी तिथे कशी?

वेगळ्या परवानगीनं. ही लाइन किती राज्यांतून जायची ते मोजलं तर गंमत वाटेल. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, सांगोला मुंबई इलाख्यात. तडवळे, ढोकी, मुरूड, लातूर हैदराबाद संस्थानात. जत रोड हे स्टेशन जत संस्थानासाठी. शेवटी मिरज, तेही संस्थानच. एका छोट्या गाडीत बसून माणूस इतक्या सत्तांतून जायचा.

व्यापाऱ्याला याचा ताप होता. निजामाच्या हद्दीतून माल बाहेर काढताना किंवा आत आणताना करोडगिरी, म्हणजे जकात. नाणंही वेगळं, तिकडे हाली शिक्का आणि इकडे कलदार. तुमच्या घरातल्या जुन्या वहीत एकाच पानावर हाली आणि कलदार असे दोन रकाने दिसले तर चक्रावू नका, हेच कारण.

१९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या दिवसांत हीच हद्द फार धगधगती झाली. बार्शी भारतात, आणि थोडं पुढे गेलं की निजाम. पलीकडून जीव वाचवून आलेली माणसं बार्शीच्या बाजूला आसऱ्याला होती आणि सीमेवर शिबिरं उभी होती. सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईनंतर हद्द पुसली गेली.

मग वारकऱ्यांची गाडी ती हीच का? मालाच्या डब्यात माणसं भरायचे हे खरं आहे?

हीच. १९०६ मध्ये पंढरपूर जोडलं गेलं आणि आषाढी-कार्तिकीला कुर्डुवाडी स्टेशन माणसांनी फुलून जाऊ लागलं. मुंबई, पुणे, सोलापूर, खानदेश, वऱ्हाड, सगळीकडून मोठ्या गाडीनं येणारे इथे उतरून छोट्या गाडीत चढत. दिंडीबरोबर चालत येणाऱ्यांचीही परतीची वाट बऱ्याचदा हीच असे.

यात्रेच्या गर्दीत मालाचे बंद डबे लावून माणसं नेणं ही त्या काळी देशभरातल्या रेल्वेंची सर्रास रीत होती, आणि त्यावर तक्रारीही होत. बाकं नाहीत, खिडक्या नाहीत, दार लोटून घेतलं की आत नुसता घाम आणि टाळ. हे गोड आठवण म्हणून सांगितलं जातं, पण म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया त्यातून गेल्या आहेत, ते विसरू नये.

मी स्वतः लहानपणी कुर्डुवाडी ते पंढरपूर या गाडीनं गेलो आहे. समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत. कुणाच्या मांडीवर गाठोडं, कुणाच्या मांडीवर पोर, आणि मोडनिंब येईपर्यंत सगळ्या डब्याची एकमेकांशी ओळख झालेली.

मिरजेपर्यंत कशासाठी नेली?

पंढरपूरच्या दक्षिणेचा सगळा भाग रेल्वेवाचून होता, आणि मिरजेला पुणे-बेळगाव मार्ग मिळत होता. दोन टोकांना दोन मोठ्या रेल्वे मिळाल्या की माल दोन्हीकडे वळवता येतो. तो मार्ग तेव्हा मीटर गेजचा, म्हणजे १००० मिलिमीटरचा. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या रुळाचं झालं, हुबळीची बाजू अजून मीटर गेजच राहिली, आणि पुढे बरीच वर्षं मिरज जंक्शनात तिन्ही मापांचे रूळ एकत्र नांदत होते. अशी जंक्शनं देशात मोजकीच होती.

शकुंतला आणि बार्शी लाईट एकच का?

नाही, पण गोंधळ समजण्यासारखा आहे. दोन्हींचा रूळ २ फूट ६ इंचाचा आणि दोन्हींचा जन्म कापसातला. शकुंतला विदर्भातली, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, किलिक-निक्सन या कंपनीच्या बाजूची. ती पुढेही खासगी मालकीचीच राहिली, म्हणून 'अजून इंग्रजांची रेल्वे' अशा बातम्या यायच्या त्या तिच्याबद्दल. बार्शी लाईट सरकारनं रीतसर विकत घेतली.

सरकारनं कधी घेतली, १९५१ की १९५४?

१९५४. घोटाळा होतो तो असा. १९५१ च्या नोव्हेंबरात मध्य रेल्वे स्थापन झाली. तिच्यात जीआयपी, निजाम स्टेट रेल्वे वगैरे आल्या, पण त्या तेव्हा सरकारी किंवा संस्थानी ताब्यातल्या होत्या. बार्शी लाईट ही लंडनमध्ये नोंदलेली कंपनी, तिची मालमत्ता विकत घ्यावी लागली, आणि ते १९५४ च्या सुरुवातीला झालं. त्यानंतर ती मध्य रेल्वेची झाली. म्हणून १९५३ पर्यंतच्या पावतीवर बार्शी लाईट कंपनीचं नाव दिसलं तर ती पावती खोटी नाही.

गाडी इतकी हळू का होती? चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता यायचं म्हणे.

चढाला यायचं. येडशीजवळ रामलिंगच्या घाटात गाडी बालाघाटच्या डोंगरावर चढायची, तिथे इंजिन धापा टाकायचं आणि तरणी पोरं उतरून बाजूनं चालायची, हे अनेकांनी पाहिलेलं आहे. हलक्या लाइनीचा खर्च कमी होतो तो डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालून गेल्यामुळे, आणि वळणं आली की वेग जातो.

पण शेवटच्या तीसेक वर्षांतली दैना हा वेगळा मुद्दा. एकदा एसटी आणि ट्रक दारापर्यंत यायला लागले, आणि लाइन कधीतरी ब्रॉडगेज होणारच आहे अशी बोली सुरू झाली, की जुन्या रुळावर पैसा कोण घालणार? इंजिनं म्हातारी झाली, रूळ झिजले, माल रस्त्यावर गेला. माल गेल्यावर उरली ती फक्त स्वस्त तिकिटाची गाडी. आपल्याला आठवते ती हीच. १८९७ ची बार्शी लाईट तिच्या काळातली अत्यंत आधुनिक गाडी होती.

ब्रॉडगेज कधी झालं? आजची गाडी जुन्याच मार्गावरून जाते का?

तुकड्यातुकड्यानं झालं. देशभरात एकाच मापाचा रूळ करायचं धोरण १९९२ चं. कुर्डुवाडी-पंढरपूर २००२ च्या सुमारास, लातूर-कुर्डुवाडी २००७-०८ मध्ये आणि पंढरपूर-मिरज सर्वांत शेवटी, २०१०-११ च्या दरम्यान.

मार्ग सगळीकडे तोच नाही. मोठा फरक धाराशिवचा. जुनी छोटी गाडी जिल्ह्याच्या गावाला, तेव्हाच्या उस्मानाबादला, शिवतच नव्हती. येडशीहून रामलिंगच्या घाटानं सरळ बार्शीच्या बाजूला उतरायची. नवा मार्ग वळसा घेऊन शहराजवळून नेला, त्यामुळे जुना घाट मागे पडला. त्या बाजूला हिंडताना अचानक एखादा अरुंद भराव किंवा दगडी मोरी दिसते, जिच्यावरून कुठलाच रस्ता जात नाही. ती बहुधा लाईटची.

कुर्डुवाडीचा कारखाना अजून आहे का?

आहे. बार्शी लाईटच्या इंजिन-डब्यांसाठी उभा राहिलेला हा रेल्वे कारखाना छोटी लाइन गेल्यावरही चालू राहिला. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीच्या डब्यांचं काम तिथे होत आलं आहे. माथेरानचा रूळ आणखी अरुंद, ६१० मिलिमीटरचा. छोट्या गाड्यांची हातोटी असलेली माणसं कुर्डुवाडीत होती, म्हणून हे जमलं.

कॅलथ्रॉपचं पुढे काय झालं?

१९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स विमान कोसळून गेला. मोटारी बनवणाऱ्या रोल्स-रॉइसमधला हाच तो रोल्स. त्या घटनेनंतर कॅलथ्रॉपनं वैमानिकांसाठी पॅराशूट बनवायचा ध्यास घेतला आणि 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं. १९२७ च्या मार्चमध्ये तो वारला. बार्शी लाईट मिरजेपर्यंत झाली तेही वर्ष तेच.

आजोबांच्या बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर 'बार्शी रोड' आणि 'बार्शी टाऊन' अशी दोन नावं आहेत. माल नेमका कुठे उतरला?

'बार्शी रोड' म्हणजे कुर्डुवाडी. 'बार्शी टाऊन' म्हणजे खरी बार्शी. 'रोड' लागलेलं स्टेशन त्या गावात नसतं, तिथून गावाचा रस्ता फुटतो. याच लाइनीवरचे कळंब रोड आणि जत रोड तसेच. कळंब रोड हे स्टेशन कसबे तडवळ्याचं आहे, आणि कळंबला तिथून पुढे रस्त्यानं जायचं. माल बार्शी रोडला सोडवून घेतला असेल तर तो बहुधा मोठ्या गाडीचा होता आणि पुढची वाहतूक आजोबांनी आपली आपण केली. बार्शी टाऊनची पावती असेल तर अदलाबदल कंपनीनं करून दिली. ती कशी होत असे ते वर मालाच्या प्रश्नात आलं आहे.

२०१६ मध्ये लातूरला पाण्याची गाडी गेली ती याच मार्गानं का? नॅरो गेज असती तर ती गेली असती का?

हो, याच मार्गानं. त्या वर्षीच्या दुष्काळात मिरजेहून कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी रेल्वेनं लातूरला नेलं. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे पोचली. १० टँकर, प्रत्येकात सुमारे ५० हजार लिटर, मिळून ५ लाख लिटर. पुढे ५० टँकरच्या गाड्या धावल्या. मिरज आणि लातूर म्हणजे बार्शी लाईटची दोन टोकं, पंढरपूर आणि कुर्डुवाडी वाटेतच.

नॅरो गेजवर काय झालं असतं याचा हिशेब मी करून पाहिला आहे. टँकर राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आले होते, ते ब्रॉडगेजचे. छोट्या रुळावर ते आलेच नसते, मिरजेला पाणी पुन्हा छोट्या टाक्यांत भरावं लागलं असतं. ५० हजार लिटर पाणी म्हणजे ५० टन. कॅलथ्रॉपच्या चार आसांच्या वाघिणीला सगळं मिळून २० टनांची मर्यादा, त्यात वाघिणीचं वजन धरून पाणी फार तर १५ टन. म्हणजे एका मोठ्या टँकरचं पाणी न्यायला चार छोट्या वाघिणी, आणि त्या पहिल्या १० टँकरच्या गाडीसाठी तेहतीस-चौतीस. रामलिंगच्या घाटात त्या एका इंजिनाला ओढल्या नसत्या, दोन फेऱ्या कराव्या लागल्या असत्या.